डोंगरातली बेटे : वाडीचा कारभार, दवाखाना आणि शाळा

'बेट' म्हटले की चहूबाजूंनी पाणी असलेला जमिनीचा तुकडा आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. भूगोलाच्या पुस्तकातली व्याख्या तीच आहे. परंतु राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने या शब्दाकडे थोडे निराळ्या दृष्टीने पाहावे, असे मला वाटते. जिथून सरकारपर्यंत जाण्याची वाट बिकट आणि सरकारलाही जिथवर येण्याची वाट तितकीच बिकट, अशी लहानशी वस्ती म्हणजे एक बेटच होय. मग तिच्याभोवती समुद्र असो, रान असो, की पावसाळ्याचे चार महिने दुथडी भरून वाहणारा ओढा असो.

या अर्थाने पाहिले तर आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातही बेटे आहेत. कोल्हापूर म्हटले की परगावच्या माणसाला ऊस, गूळ आणि दूध आठवते. ते पूर्वेकडचे आणि नदीकाठचे कोल्हापूर. पश्चिमेला शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या तालुक्यांत सह्याद्रीच्या माथ्यावर आणि उतारांवर दहा-वीस, फार तर तीस-चाळीस उंबऱ्यांच्या वाड्या विखुरलेल्या आहेत. त्यांतले कित्येक धनगरवाडे आहेत. म्हशी, शेरडे आणि नाचणीची शेती यांवर त्यांचा प्रपंच चालतो. अभ्यासाच्या निमित्ताने मी अशा काही वाड्यांवर हिंडलो. तेथील माणसांशी बोलताना तीन गोष्टी पुन्हा पुन्हा निघत : ग्रामपंचायत, दवाखाना आणि शाळा. प्रस्तुत लेखात या तिहींचा एकत्र विचार करावयाचा आहे. कारण वाडीच्या दृष्टीने या तीन गोष्टी वेगळ्या नाहीतच. तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. सरकारी सोय कोणाला द्यावयाची हे ठरविताना माणसे मोजावीत की अंतर मोजावे?

एक दूरचे उदाहरण

घरच्या प्रश्नाकडे येण्यापूर्वी खऱ्याखुऱ्या बेटांचे एक उदाहरण पाहू. पॅसिफिक महासागरात टोकेलाऊ नावाची तीन प्रवाळबेटे आहेत : अताफू, नुकुनोनू आणि फाकाओफो. तिन्हींची मिळून जमीन दहा-बारा चौरस किलोमीटर, आणि लोकसंख्या सुमारे दीड हजार. म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम खेड्याएवढीही वस्ती नाही. तेथे विमानतळ नाही. सामोआ देशातील आपिया बंदरातून बोटीत बसले की एक दिवसाहून अधिक प्रवास करावा लागतो. ही बेटे १९२६ पासून न्यूझीलंडच्या कारभाराखाली आहेत.

प्रत्येक बेटावर 'तौपुलेगा' नावाची पंचायत आहे. तिच्यात मुख्यतः कुटुंबप्रमुख व वडीलधारी मंडळी बसतात. शाळा, दवाखाना, बोटी, पाणी हे सारे व्यवहार ती पाहते. तिन्ही बेटांच्या प्रतिनिधींची मिळून 'फोनो' ही मोठी सभा भरते. बेटांचे प्रमुखपद तिन्ही बेटांच्या पुढाऱ्यांकडे वर्षावर्षाने फिरते राहते. मासेमारीतून आलेले मासे साऱ्या घरांत वाटून घेण्याची 'इनाती' नावाची जुनी रीतही तेथे आहे. माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, या तिन्ही बेटांवर प्रत्येकी एक शाळा आहे आणि वैद्यकीय उपचारांची सोय आहे. आजार हाताबाहेर गेला तर रोग्यास सामोआला किंवा न्यूझीलंडला पाठवितात.

आता आपले निकष त्यांना लावून पाहू. आपल्याकडे डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र असा दंडक आहे. सपाटीवर तो ५,००० चा आहे. या हिशेबाने अख्ख्या टोकेलाऊला मिळून एक उपकेंद्रसुद्धा मंजूर होणार नाही! तेथे सोयी आहेत त्या डोकी मोजून दिलेल्या नाहीत. मध्ये समुद्र आहे, हे ओळखून दिलेल्या आहेत.

यावर कोणी म्हणेल, न्यूझीलंड श्रीमंत देश, त्याला हे परवडते. हा आक्षेप खरा आहे. टोकेलाऊच्या खर्चाचा मोठा वाटा न्यूझीलंडच उचलतो. २००६ आणि २००७ मध्ये तेथे स्वशासनासाठी सार्वमत घेतले गेले, तेव्हा दोन्ही वेळा बहुमत मिळूनही आवश्यक तेवढी दोन-तृतीयांश मते पडली नाहीत. यावरून लहान समाजाला स्वतःचा कारभार हवा असतो. पण दुरून येणारा आधार सुटेल काय, अशी धास्तीही त्याला वाटत असावी, असा अर्थ मी लावतो. आपल्या वाड्यांची मनःस्थिती याहून फार निराळी नाही.

वाडीचा कारभार

महाराष्ट्रात पंचायत राज्याचा पाया भक्कम आहे. १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम, बलवंतराय मेहता समितीच्या १९५७ च्या शिफारशी, त्यानंतर वसंतराव नाईक समितीचा अहवाल आणि १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम अशी ही परंपरा आहे. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे आली. पुढे ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. तिच्यामुळे घटनेत जे अकरावे परिशिष्ट आले, त्यातील २९ विषयांत शिक्षण आणि आरोग्य दोन्ही आहेत. महाराष्ट्राने २०११ मध्ये पंचायतींत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. कागदावर पाहता उणे काढण्यासारखे फारसे काही नाही.

परंतु हा सारा डोलारा 'गाव' या घटकावर उभा आहे. वाडीचे काय? लहान वाडीला स्वतःची ग्रामपंचायत मिळत नाही. दोन-चार वाड्या एखाद्या मोठ्या गावाला जोडून गट ग्रामपंचायत होते. पंचायतीत ७ ते १७ सदस्य असतात. त्यांत वाडीचा एखादा सदस्य आला तर आला. सरपंच थेट मतदारांनी निवडण्याची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. थेट निवडणुकीचे काही फायदे निश्चित आहेत. पण जिथे मोठ्या गावची मते शेकड्यांनी आणि वाडीची मते बोटांवर मोजण्याइतकी, तिथे वाडीच्या वाटेचा चिखल हा निवडणुकीचा विषय कसा होणार?

ग्रामसभेचेही तेच. पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे हजर असले की गणपूर्ती होते. ही संख्या मोठे गाव एकटे भरून काढते. वाडीवरून दोन तास डोंगर उतरून यायचे, म्हशींच्या धारांची वेळ चुकवायची, आणि सभेत आपला विषय शेवटी यायचा, तोवर मंडळी पांगलेली. एका वाडीवरच्या आजीला मी विचारले, "ग्रामसभेला जाता का?" त्या म्हणाल्या, "जायाला कुणी नगं म्हणत न्हाई बाळा, पर परत यायाला अंधार हुतो." या वाक्यात लोकशाहीविषयी तक्रार नाही, अंतराचा साधा हिशेब आहे.

आदिवासी क्षेत्रांसाठी १९९६ मध्ये जो पेसा कायदा झाला, त्याने ही अडचण ओळखली आहे. एखादी वस्ती किंवा पाडा आपला कारभार परंपरेने पाहत असेल तर त्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. महाराष्ट्राने २०१४ मध्ये त्याचे नियम केले. परंतु हा कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता आहे. कोल्हापूर जिल्हा त्यात मोडत नाही, आणि धनगर समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत गणला जातो. म्हणून नंदुरबारच्या पाड्याला जी वाट कायद्याने खुली आहे, ती राधानगरीच्या धनगरवाड्याला नाही. भूगोल सारखा, पण कायदा वेगळा, अशी ही स्थिती आहे.

आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपल्यानंतर निवडणुका लांबत गेल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. शाळा आणि आरोग्य केंद्रे ज्या संस्थेच्या ताब्यात, तिच्यात वर्षानुवर्षे लोकांचा एकही प्रतिनिधी नसावा, ही गोष्ट राज्यशास्त्राच्या वर्गात बसून वाचताना जितकी गंभीर वाटते, त्याहून वाडीवर अधिक जाणवते. कारण वाडीच्या माणसाला साहेबापेक्षा सदस्य जवळचा असतो.

दवाखान्याची वाट

आरोग्याच्या बाबतीत अंतर म्हणजे वेळ, आणि वेळ म्हणजे प्राण. डोंगराळ भागात प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी २०,००० लोकसंख्येचा निकष आहे. २०११ च्या जनगणनेत गगनबावडा तालुक्याची लोकसंख्या सुमारे ३५ हजार होती. म्हणजे काटेकोर नियमाने अख्ख्या तालुक्याला एक, फार तर दोन केंद्रे. पावसाच्या बाबतीत मात्र हा तालुका राज्यात फार वरचा आहे. जुलै महिन्यात कुंभीच्या खोऱ्यातून वाट काढताना केंद्र किती किलोमीटरवर आहे हे विचारून उपयोग नसतो. साकव पाण्याखाली आहे की वर, एवढेच विचारायचे.

अडलेली बाई, साप चावलेला गुराखी किंवा तापाने फणफणलेले पोर यांना डोलीतून खाली आणण्याची पाळी अजूनही येते. बांबूला घोंगडे बांधायचे, चौघांनी खांदा द्यायचा आणि मधून मधून खांदेपालट करीत पक्क्या सडकेपर्यंत यायचे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावली की येते, यात शंका नाही. पण ती येते सडकेपर्यंत. त्याच्या अलीकडचे अंतर कोणत्याच तक्त्यात मोजले जात नाही. शिवाय डोलीला खांदा द्यायला माणसे लागतात. तरुण पोरे मुंबई-पुण्याला कामाला गेलेली असतात. हा मुद्दा मला एका वाडीवरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी बोलून दाखविला, तोवर माझ्या ध्यानात आलेला नव्हता.

यावर उपाय काय? महाराष्ट्रातच त्याचे एक उत्तर सापडले आहे. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. गावातलीच, बहुधा निरक्षर स्त्री निवडायची, तिला शिकवायचे आणि बाळंतपण, जुलाब, ताप, लसीकरण यांकडे तिने लक्ष द्यायचे. रोग्याला डॉक्टरकडे नेण्याची वाट लांब असेल, तर आरोग्याचे ज्ञानच रोग्याच्या दारी न्यायचे, असा हा विचार. पुढे १९७८ च्या आल्मा-आता परिषदेने 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा केली आणि २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा स्वयंसेविका आली. सर्वसाधारणपणे १,००० लोकांमागे एक आशा असते. दुर्गम भागात वस्तीनिहाय आशा नेमण्याची मुभाही आहे. ही मुभा जिथे वापरली जाते तिथे फरक पडतो. मी पाहिलेल्या एका वाडीवरची आशा त्याच वाडीची सून होती. तिला कोणत्या घरात कितवा महिना चालू आहे हे तोंडपाठ होते, आणि पाऊस लागण्याआधीच ती दिवस भरत आलेल्या बाईला खालच्या गावातल्या पाहुण्यांकडे पाठवीत असे. एवढ्या शहाणपणाला मोठा निधी लागत नाही. वाडीचे माणूस मात्र लागते.

रस्त्याचा प्रश्न निघाला की "जमीन वनखात्याची आहे" हे उत्तर ठरलेले असते. ते खरेही असते. परंतु २००६ च्या वनहक्क कायद्यातील कलम ३ (२) पुष्कळांना ठाऊक नाही. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ते, पाण्याच्या सोयी अशा १३ प्रकारच्या कामांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळविता येते. हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तुटता कामा नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. पाहा, पुन्हा गाडी ग्रामसभेवरच येऊन थांबली! ज्या सभेला वाडी पोहोचू शकत नाही, तिच्याच ठरावावर वाडीचा रस्ता अवलंबून आहे. दवाखान्याचा प्रश्न कारभाराच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही, असे मी आरंभी म्हटले त्याचा हा पुरावा होय.

शाळा : महाराजांचा हुकूम आणि आजचा पट

कोल्हापूरकराला शिक्षणाविषयी बोलताना राजर्षी शाहू महाराजांपासूनच आरंभ करावा लागतो. १९१७ मध्ये त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. या हुकुमातली सक्ती आपल्याला ठळकपणे आठवते. पण सक्ती करायची तर शाळा मुलाच्या आवाक्यात असली पाहिजे, ही जबाबदारी राज्याने आपल्या शिरावर घेतली होती, हे आपण विसरतो. पुढच्या शिक्षणासाठी खेड्यातले मूल शहरात यायचे, तर त्याच्या राहण्या-जेवणाची सोय हवी, म्हणून १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. शाळा आणि बोर्डिंग ही दोन्ही अंतरावरची औषधे होती.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही अंतर मानले. महाराष्ट्रात पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, असा नियम आहे. साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक, असेही त्या कायद्यात आहे. त्यापूर्वी वस्तीशाळांनी पुष्कळ वाड्यांवर पहिली अक्षरे नेली. परंतु गेल्या काही वर्षांत पटसंख्येचा काटा पुढे आला. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करून जवळच्या शाळेत विलीन करण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी पानशेत व तोरणमाळ यांच्या धर्तीवर 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागविण्यात आले. राज्यात अशा कमी पटाच्या शाळा १४ हजारांहून अधिक होत्या. त्यावर बराच विरोध झाला.

या धोरणामागे काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. एका वर्गात दोनच मुले असली तर त्यांना ना खेळगडी, ना चढाओढ. एकाच गुरुजींनी चार इयत्ता सांभाळायच्या, पोषण आहार पाहायचा आणि माहितीचे तक्तेही भरायचे. मोठ्या शाळेत ग्रंथालय असते, मैदान असते, विषयवार शिक्षक असतात. हे सारे मान्य. पण वाडी ते समूह शाळा ही वाट नकाशावर चार किलोमीटर असली तरी पावसाळ्यात ती ओढ्यातून आणि रानातून जाते. राधानगरी अभयारण्याच्या परिसरात गव्यांचे कळप वाटेत उभे असतात. सहा वर्षांच्या पोराला त्या वाटेने कोण पाठवील? मोठ्या मुलाला आईबाप कदाचित पाठवतील. मुलीला घरी ठेवतील. शाळा बंद झाल्याचा पहिला फटका मुलीलाच बसतो, ही भीती मला प्रत्येक वाडीवर बायकांच्या बोलण्यात आढळली.

आपल्या मातीतला विचार

या सगळ्या गुंत्यातून वाट दाखविणारा माणूस आपल्याच जिल्ह्यात जन्मला, याचा मला विशेष अभिमान वाटतो. जे. पी. नाईक यांचा जन्म १९०७ मध्ये आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचा. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. १९६४ ते १९६६ या काळात डॉ. दौ. सिं. कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली जो शिक्षण आयोग बसला, त्याचे ते सदस्य-सचिव होते. त्या आयोगाने 'शाळा संकुला'ची कल्पना मांडली. परिसरातील लहान प्राथमिक शाळा एका माध्यमिक शाळेशी जोडायच्या. ग्रंथालय, प्रयोगशाळेचे साहित्य व जाणकार शिक्षक यांचा लाभ सर्वांना मिळवून द्यायचा. एकाकी पडलेल्या शिक्षकाला सोबती मिळवून द्यायचे. लहान शाळा जिवंत ठेवून तिचा एकाकीपणा घालवायचा, हा त्यातला गाभा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शाळा संकुलाची कल्पना पुन्हा आली आहे. संकुल आणि विलीनीकरण हे दोन शब्द जवळजवळचे वाटतात. वाडीच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. संकुलात शिक्षक आणि पुस्तके प्रवास करतात. विलीनीकरणात सहा वर्षांचे मूल प्रवास करते.

हेच जे. पी. नाईक पुढे आरोग्याकडे वळले. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या संयुक्त अभ्यासगटाचा 'सर्वांसाठी आरोग्य' हा अहवाल १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या कामात त्यांचा पुढाकार होता. आरोग्यसेवा लोकांच्या सहभागाने, गावपातळीपासून वर बांधत न्यावी, असे त्यात सांगितले होते. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. शिक्षण, आरोग्य आणि स्थानिक कारभार यांना एका दोरीत ओवणारा विचार बहिरेवाडीसारख्या गावातून आलेल्या माणसाने मांडावा, हा मला योगायोग वाटत नाही.

समारोप

माझे म्हणणे थोडक्यात असे. लहान वस्तीला सोय देताना लोकसंख्येच्या जोडीने अंतर, चढ-उतार आणि पावसाळ्यात वाट बंद राहण्याचे दिवस मोजले जावेत. गट ग्रामपंचायतीच्या वर्षातील सभांपैकी निदान एक सभा वाडीवर, वाडीच्या सोयीच्या वेळी भरावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, सरपंचांनी व ग्रामसेवकांनी मनावर घेतले तरी पुरे. वाडीच्या शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असतात. शाळेविषयी काही ठरविण्यापूर्वी तिचे मत लेखी घेतले जावे. आशा वाडीचीच असावी. वनहक्क कायद्यातील एक हेक्टरची तरतूद ग्रामसभेत वाचून दाखविली जावी.

शेवटची गोष्ट आपल्या सर्वांसाठी. आपल्या महाविद्यालयात पश्चिमेकडील तालुक्यांतून आलेले विद्यार्थी थोडे नाहीत. राष्ट्रीय सेवा योजनेची आपली शिबिरे बहुधा सडकेच्या कडेच्या गावी होतात. पुढच्या वर्षी एखाद्या वाडीची पावसाळ्यातली वाट आपण मोजावी. किती पावले, किती ओढे, साकव किती दिवस पाण्याखाली, डोलीला किती वेळ लागतो, शाळेत जाणाऱ्या मुलींच्या किती दिवस गैरहजेऱ्या लागतात, हे सारे वहीत उतरवून ती वही ग्रामसभेपुढे ठेवावी. आकड्यांना सरकार मान देते. मग ते आकडे वाडीच्या बाजूचेही असू द्यावेत, आणि ते गोळा करण्याचे काम आपल्यासारख्या शिकलेल्यांनी अंगावर घ्यावे, एवढीच विनंती करून हा लेख पुरा करतो.